‘गडी’चा हालहवाल

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
मार्गशीर्ष, शनिवार दुपार

तीर्थस्वरूप काकासाहेब मामा यांच्या चरणी,

भाचा सुदर्शन याचा दोन्ही हातांनी नमस्कार. (मोबाईल टेबलावर पालथा ठेवलाय, त्यामुळं दोन्ही हात खरोखर मोकळे आहेत.) तुमची तब्येत कशी आहे? तुरीला शेंगा कशा लागल्यात? मामींना नमस्कार, श्रेयाला आशीर्वाद. आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत. आई तर इतकी ठणठणीत आहे की त्याबद्दल पुढं सविस्तर लिहावं लागणार आहे.

करमाड ते उस्मानपुरा म्हणजे तासाभराची वाट, आणि एवढ्यासाठी भाच्यानं कागद-पेन घेऊन का बसावं, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, असं श्रेयाकडून कळलं. तुमचा राग रास्त आहे, आणि आधी त्याचाच खुलासा करतो. आमचं ॲप तयार झालं तेव्हा त्याची चाचणी घ्यायला एक वयस्कर, शिस्तीचा आणि कुणाला न घाबरणारा माणूस हवा होता. असा माणूस आमच्या सबंध नात्यात एकच. म्हणून न विचारता तुमचा नंबर टाकला. (विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता आणि चाचणी राहून गेली असती.) तुमच्या नावातच काका असल्यामुळं ॲपनं आधी तुम्हाला आमच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, धाकटा भाऊ केलं, ते आम्ही दुरुस्त केलं. मग पहाटे तुम्हाला पहिला मेसेज आला, ‘गडी, सरावाला येताय ना?’ तुम्ही विचारलंत, ‘कोण बोलतंय?’ आता त्या काळात ॲपला हो आणि नाही एवढंच कळायचं, आणि जे ‘नाही’ नाही ते सगळं ‘हो’, असं माझ्या भागीदारानं, शंतनूनं, त्याला शिकवलं होतं. त्यामुळं त्यानं तुमचे आभार मानले. तुम्ही गोठ्यात गेलात. थोड्या वेळानं तुम्ही आला नाहीत म्हणून त्यानं खेद व्यक्त केला, आणि मग ‘तुमच्यामुळं संघाला सहा गड्यांवर खेळावं लागलं’ असंही कळवलं. त्यावर तुम्ही जी शिवी लिहिलीत ती ॲपनं होकार समजून दुसऱ्या दिवशीच्या सरावाला पुन्हा तुमचं नाव लावलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी बेशिस्तीबद्दल तुम्हाला ज्या कबड्डी संघातून काढून टाकण्यात आलं, तो संघ मुळात नव्हताच, हे मी इथं लेखी कळवतो. तुमच्या नावाला कसलाही डाग नाही.

आता कंपनीचं म्हणाल तर एकदम जोरात आहे. मी शेंद्र्याची नोकरी सोडली तेव्हा तुम्ही ओसरीवर बसून म्हणाला होता, “खेळायला गडी लागतो, चेंडू लागतो. ॲप कशाला लागतं रे?” तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय. मामा, आपल्या शहरात गल्लीगणिक एक टीम आहे, आणि प्रत्येक टीममध्ये एक गरीब गाय असते, जी शनिवारी संध्याकाळपासून सगळ्यांना फोन लावत बसते. कोण येतंय, नेट कुणाच्या घरी आहे, मागल्या वेळी चेंडू कुणी नेला. पलीकडचा पांघरुणातून ‘निघालोच’ म्हणतो आणि कूस बदलतो. त्या गरीब गाईचं काम आता ‘गडी’ करतं. (ॲपचं नाव ‘गडी’. मी ठेवलं. शंतनूला इंग्रजी नाव हवं होतं, पण ते त्याचं त्यालाच नीट उच्चारता येईना.) शंतनू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या श्रीधररावांचा मुलगा. संगणकाचं सगळं तो बघतो, माणसांचं सगळं मी बघतो. ऑफिस त्यांच्याच गच्चीवरच्या खोलीत आहे. हवेशीर आहे. फक्त उन्हाळ्यात कालिंदीकाकू, म्हणजे शंतनूच्या आई, तिथं कुरडया वाळवतात, तेव्हा मीटिंग जिन्यात होते.

पहिलं गिऱ्हाईक पडेगावची टेनिस बॉल क्रिकेटची टीम होती. त्यांनी ॲप घेतलं, आणि ‘संघातली तुमची जबाबदारी निवडा’ असा प्रश्न आल्यावर अकराच्या अकरा जणांनी कॅप्टन निवडलं. ॲपला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढच्या रविवारी मी स्वतः बघायला गेलो, तर अकरा माणसं मैदानावर उभी राहून एकमेकांची फील्डिंग लावत होती. बॉल कुणी टाकलाच नाही. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाई, तुमचं ॲप एकदम बराबर हाय. टीमच गलत हाय.” याला मी अपयश म्हणत नाही. गिऱ्हाईकानं स्वतःच्या तोंडानं ॲपची तारीफ केली, आणि तीही सोडून जाताना.

दुसरं गिऱ्हाईक घरातलंच. कॉलनीतल्या मैदानावर आमच्या दादांचं आणि श्रीधररावांचं व्हॉलीबॉल मंडळ आहे, हे तुम्हाला माहीत आहे. (मागल्या दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा दादांनी तुम्हाला त्यांचा टी-शर्ट दाखवला होता, मागं ‘बद्रीनाथ’ लिहिलेला.) सगळे साठीच्या अल्याडपल्याडचे. रोज पहाटे उठायचे, सहा ते आठ मैदान त्यांच्या नावावर, घरी यायचे ते घामानं निथळत. आई कौतुकानं ताक द्यायची. कालिंदीकाकू श्रीधररावांना मेथीचं पाणी द्यायच्या, कारण त्यांना साखर आहे. या वयात एवढी मेहनत म्हणून सगळ्या बायका हळहळायच्या. अशा शिस्तीच्या मंडळाला ‘गडी’ दिलं तर कंपनीचं नाव होईल, म्हणून मीच आग्रह करून सगळ्यांच्या फोनवर टाकून दिलं.

त्यात शंतनूनं ‘कुटुंब’ म्हणून एक बटण ठेवलं होतं. हेतू अतिशय चांगला. गडी कुठं आहे, खेळ कधी संपला हे घरच्यांना कळावं, जिवाला घोर लागू नये. आता दादांचा स्वभाव तुम्ही जाणता. कंपनीत होते तेव्हा दुसऱ्याचंही हजेरीपत्रक स्वतः तपासायचे. ॲपमधलं एक बटण म्हणून त्यांनी सोडलं नाही. सराव सुरू झाला की ‘सराव सुरू’. अर्धा तास होत नाही तो ‘सराव संपला’. आणि खाली ‘संघ सध्या कुठं आहे?’ अशी मोकळी जागा होती, तिथं त्यांनी इमानेइतबारे लिहिलं, ‘चौकातला भजीवाला. दुसरी प्लेट.’

त्या दिवशी श्रीधरराव आठ वाजता घरी आले तेव्हा मी ऑफिसला जायला म्हणून त्यांच्याच दारातून वर चाललो होतो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. शर्ट चिंब. कालिंदीकाकूंनी मेथीच्या पाण्याचा पेला पुढं केला.

“कसा झाला खेळ?”

“जबरदस्त. पार दमलो आज.”

“भजी कांद्याची होती का मुगाची?”

श्रीधरराव मेथीचं पाणी एका दमात प्याले, पेला पालथा घातला आणि म्हणाले, “मुगाची.” मग तो घाम मैदानाबाहेरच्या नळाचा असतो, हेही बाहेर आलं. मला वाटलं आता घरात काहीतरी मोठं होणार. पण काकूंनी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त म्हणाल्या, “म्हणजे साडेसहा ते आठ मैदान मोकळंच असतं तर,” आणि चपला घालून खाली आमच्याकडं आल्या. आई मेथी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, दादांकडं एकदा बघितलं (दादा ‘मी तर खरंच लिहिलं’ एवढंच म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं), मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, “व्हय का? मंग आपुन काय करायलोत इथं?”

मामा, तिथून जे सुरू झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आई तुम्हाला फोनवर ‘सकाळचं फिरायला जाते’ म्हणते, ते अर्धंच खरं आहे. आई थ्रोबॉल खेळते. तुम्हाला खेळ माहीत नसेल म्हणून सांगतो. व्हॉलीबॉलसारखीच जाळी, दोन्हीकडं सात-सात बायका. चेंडू मारायचा नाही, दोन हातांनी झेलायचा आणि एका हातानं खांद्यावरून लगेच पलीकडं फेकायचा. ज्यांच्या अंगणात पडला त्यांच्यावर पॉईंट. पहिल्या दिवशी जमलेल्या निम्म्या बायका चेंडू आला की डोळे मिटायच्या. कालिंदीकाकू झेलण्याआधी ‘अगं बाई’ म्हणायच्या आणि तेवढ्यात चेंडू खाली पडायचा. आईनं पदर खोचला, चेंडू हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि फेकला. तो जाळीवरून, पलीकडच्या बायकांवरून, मैदानाच्या भिंतीवरून जाऊन भजीवाल्याच्या छपरावर पडला. तिथं त्या वेळी व्हॉलीबॉल मंडळ बसलेलं होतं. कडब्याच्या पेंढ्या गंजीवर फेकताना तुम्ही वर उभे असायचात आणि आईच्या, म्हणजे तुमच्या आक्काच्या, पेंढीनं एकदा तुम्हालाच खाली पाडलं होतं, ही गोष्ट तुम्ही आम्हाला लहानपणी शंभरदा सांगितली आहे. तो हात अजून तसाच आहे. फक्त आता तो जाळीच्या आत फेकायला शिकलाय.

संघाच्या नावावरून पंधरा दिवस वाद झाला. काकूंना ‘तेजस्विनी’ हवं होतं, आईला ‘वाघिणी’. तोवर ॲपनं आपल्या मनानं ‘संघ क्रमांक तीन’ लिहून ठेवलं होतं, आणि तेच टी-शर्टवर छापून आलं. ‘गडी’ या नावावरूनही एकीनं हरकत घेतली, की आम्ही बायका, आम्हाला गडी कसं म्हणता? तर आई म्हणाली, “गड्याचं काम बाईनं केलं की तिला गडीच म्हणत्यात. चेंडू टाक.”

पण पुरुष मंडळी भडकली. त्यांचा आता सकाळी कुठंच ठिकाणा नव्हता. अर्ध्या तासात मैदान सोडायचं, घरी लवकर गेलं तर बायको मैदानावर आणि दूध तापवायचं काम आपल्यावर, आणि भज्यांवर तर सबंध कॉलनीची नजर. ते सगळे मिळून जिन्यात आले. (कुरडयांचे दिवस होते.) म्हणणं असं, की ‘कुटुंब’ बटणात घरच्यांना दाखवायची वेळ वेगळी टाकायची सोय करून द्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही. गिऱ्हाईक मागतंय, आपण द्यावं. पण शंतनू हरिश्चंद्राच्या घरचा. “बाबा, ॲप खोटं बोलणार नाही,” म्हणाला. श्रीधरराव म्हणाले, “ॲप बोलू नये एवढंच म्हणतोय रे.” जमलं नाही. मंडळानं ‘गडी’ काढून टाकलं, आणि श्रीधररावांनी ॲपला एक तारा देऊन खाली लिहिलं, ‘ॲप अत्यंत चांगले आहे, म्हणूनच वाईट आहे.’ दादा तेवढे राहिले. सबंध मंडळात एकटेच, रोज पहाटे ‘सराव सुरू’ दाबायचे, आणि कुणी नाही म्हणून ‘सराव संपला’ दाबून घरी यायचे.

तेव्हा थोडी ओढाताण झाली, खोटं कशाला सांगू. क्रिकेट गेलं, व्हॉलीबॉल गेलं, आणि शंतनूला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं. तो मला म्हणाला, “गणपतीपर्यंत बघू, नाहीतर मी जातो.” मी त्याला सांगितलं की काळजीचं काही कारण नाही, आणि शेंद्र्याला जाऊन जुन्या साहेबांना नमस्कार करून आलो. (फक्त नमस्कार. साहेबांनी चहा पाजला आणि जागा भरल्याचं सांगितलं.) परत येताना बसमध्ये तुमचं ओसरीवरचं बोलणं आठवलं आणि उतरायच्या थांब्याच्या पुढं गेलो. घरी आलो तर आई खुर्चीवर चष्मा लावून माझाच जुना फोन घेऊन बसलेली.

“ह्या बाईनं ‘मूड नाही’ लिहिलंय. ‘मूड नाही’ हे कारण हाय का?”

“आई, ॲपमध्ये कुठलंही कारण चालतं.”

“ॲपमधी चालत आसल. माझ्यात नाय चालत,” म्हणाली, आणि चेंडू काखेत मारून त्या बाईच्या घरी गेली. अर्ध्या तासानं दोघी मैदानावर होत्या.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पूर्णपणे माझा स्वतःचा आहे, शंतनू काहीही म्हणो. पुरुषांना टीम असते ती घराबाहेर पडायला. त्यांना कुणी हिशेब विचारलेला चालत नाही. बायकांना बाहेर पडायला आधी सगळं घर जुळवावं लागतं. कुणाकडं पाहुणे, कुणाची संकष्टी, कुणाची सून बाळंतीण, कुणाच्या नवऱ्याची शिफ्ट. हे बाराजणींचं बाराजणींना कळलं की एक अडली तर दुसरी तिच्या घरी जाऊन भाकरी थापून येते, आणि दोघी वेळेवर हजर. खरं सांगायचं बटण ज्यांना हवं होतं ती गिऱ्हाइकं आम्हाला जिन्यात सापडणार नव्हती. ती भिशीत होती. आईनं आणि काकूंनी दोन भिश्या आणि एक डोहाळेजेवण केलं, आणि गणपती बसायच्या आत सिडको, गारखेडा, पडेगाव, अगदी तुमच्या करमाडच्या बायकांच्यासुद्धा टीम ‘गडी’वर आल्या. शंतनूनं पुण्याला नाही कळवलं. (त्यानं ते पत्र मला दाखवलं नाही, पण पेढे आणले.)

मग आम्ही ‘गडी चषक’ ठेवला. सामने दर रविवारी, एका शाळेच्या मैदानावर. मागल्या रविवारी आपल्या संघ क्रमांक तीनचा उपांत्य सामना सिडकोशी होता. गर्दी म्हणाल तर उरुसासारखी. आमच्या जाहिरातीतच होतं, की प्रत्येक पॉईंट ॲपवर दिसेल, कागदाची गरज नाही. पहिला डाव त्यांचा, दुसरा आपला, तिसरा अगदी अटीतटीला आला, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांच्या मुलाबाळांनी, नवऱ्यांनी, गावाकडच्या माहेरच्यांनी एकदम ॲप उघडलं आणि ते बसलं. समोर मैदानात दोन्हीकडं सात-सात बायका कमरेला हात लावून उभ्या, आणि सगळ्यांच्या फोनवर अक्षरं, ‘तुमचा संघ सापडत नाही.’ सिडकोच्या म्हणाल्या आम्ही पुढं, आपल्या म्हणाल्या आम्ही. पंच माझ्याकडं बघायला लागले. मी शंतनूकडं बघितलं. शंतनू लॅपटॉपवर इतका वाकला होता की त्याचं तोंडच दिसेना. खोटं कशाला सांगू मामा, त्या वेळी तळहाताला घाम आला, आणि तो नळाचा नव्हता.

तेवढ्यात कुंपणाजवळच्या लिंबाच्या झाडामागून श्रीधरराव आले. त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं, म्हणून ते तिथं असतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हातात विटेचा तुकडा. शाळेच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी मोठ्या अक्षरात दोन्ही संघांचे पॉईंट लिहिले आणि मास्तरांसारखे एकेक सांगायला लागले. हा कुणी घेतला, तो कुणाच्या हातातून सुटला, तेरावा वच्छलाबाईंचा (म्हणजे आईचा), जाळीला घासून पलीकडं पडला. सिडकोच्या बायकांनीही माना डोलावल्या. सगळं बरोबर होतं. आपण एकानं पुढं होतो. कालिंदीकाकू चेंडू हातात धरून तशाच जाळीपाशी आल्या.

“तुम्ही कधीपासून बघताय?”

“सामना ना? पहिल्यापासून.”

“सामना नाही. मी विचारतेय ते.”

श्रीधरराव भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “आषाढापासून. रोज. तू आता ‘अगं बाई’ म्हणत नाहीस.”

काकू परत जाऊन जागेवर उभ्या राहिल्या, आणि पुढचा चेंडू सिडकोच्या सगळ्यात उंच बाईचा आला तो त्यांनी तोंडातून चकार शब्द न काढता छातीशी झेलला आणि सरळ फेकला. पॉईंट. शेवटचा आईनं घेतला. तो कसा घेतला ते मी लिहीत नाही, कारण मी त्या वेळी डोळे मिटले होते. आवाज ऐकू आला. डोळे उघडले तर दादा मैदानाच्या मधोमध, बंद पडलेल्या ॲपवर ‘सराव संपला’ दाबत होते.

त्या संध्याकाळी सबंध व्हॉलीबॉल मंडळ ‘गडी’वर परत आलं. आता ते सामन्यांच्या दिवशी रेषा आखतात, पाणी देतात, भिंतीवर आकडे लिहितात, आणि काकूंच्या परवानगीनं रविवारी एक प्लेट भजी खातात. श्रीधररावांनी जुना तारा काढून पाच दिले आणि लिहिलं, ‘ॲप पडले, तरी चांगले आहे.’ शंतनूनं सगळं दुरुस्त केलंय. जालन्याहून आणि बीडहून विचारणा आहे. अंतिम सामन्यात आपण पोचलो आहोत. तेव्हा मामा, कंपनीची, आमची कसलीही चिंता नसावी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, दुसरं काही काम नाही.

मोठ्यांना नमस्कार, जनावरांना माझ्यातर्फे थाप.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सुदर्शन बद्रीनाथ
संस्थापक, ‘गडी’

ता.क. एक बारीकशी गोष्ट राहिली. अंतिम सामना उद्याचा सोडून पुढच्या रविवारी सकाळी आहे. त्याच दिवशी सकाळी करमाडला आपल्या श्रेयाचा साखरपुडा आहे, हे माझ्या लक्षात आहे. तर साखरपुडा एक रविवार पुढं ढकलता येईल का, एवढं बघावं. सामना ढकलता येत नाही, कारण शाळा त्यानंतर मैदान देणार नाही, पोरांच्या परीक्षा आहेत. कार्यालय त्या पुढच्या रविवारी मोकळं आहे. (मी सहज विचारून ठेवलंय. सहजच ॲडव्हान्सही बदलून घेतला.) गुरुजी म्हणाले, मुहूर्त उलट जास्त चांगला आहे. गुरुजींच्या मंडळी गारखेड्याच्या संघात आहेत, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

ता.क. २. तुम्ही म्हणाल, सकाळी सामना उरका आणि दुपारी साखरपुडा करू. आम्हीही तोच विचार केला होता. पण ओटी भरायचा पहिला मान आत्याचा, आणि आई म्हणते की सामना झाल्यावर तिचा हात दिवसभर थरथरतो, नारळ पडेल. पलीकडच्या बाजूचं म्हणणं आणखी वेगळं आहे, की हरलेल्या तोंडानं विहिणीला पेढा भरवायचा कसा.

ता.क. ३. पलीकडची बाजू म्हणजे नवरदेवाची बाजू. हे आधी लिहायला हवं होतं. अंतिम सामना पडेगावशी आहे, आणि पडेगावच्या कॅप्टन गयाबाई औताडे, म्हणजे आपल्या होणाऱ्या जावयाच्या, ऋतुराजच्या मातोश्री. त्यांनाही तारीख बदलूनच हवी आहे, पण मुलीकडच्या पाटलांचा, म्हणजे तुमचा, स्वभाव कडक, सोयरीक मोडायची, म्हणून त्या गप्प आहेत. त्यांनी ऋतुराजला सांगितलं, ऋतुराजनं श्रेयाला, श्रेयानं मला. तुम्ही फक्त ऋतुराजच्या वडिलांना, कारभारी औताडेंना, फोन करून ‘आमची जरा अडचण आहे’ म्हणा. ते थोडा वेळ नाराजीनं बोलतील आणि मग मोठ्या मनानं मान्य करतील. त्यांची तयारी झालेली आहे. श्रेयाला रागावू नका, ती दोन्हीकडची राखीव गडी आहे.

ता.क. ४. मी काल आईला म्हणालो, “आई, पोरगी त्यांच्या घरात द्यायचीय, सामना जरा सांभाळून खेळ.” ती बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता म्हणाली, “पोरगी देतोय. पॉईंट नाय.”